लिंडेनाखची उजवी वाट

वसंतराव जानेवारीत दोह्याला आले. त्यांचा मुलगा हर्षल जर्मनीत वारला त्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि नाशिकच्या घरात ते एकटेच उरले होते. म्हणून तेजश्रीने, त्यांच्या मुलीने, त्यांना तिथल्या मदिनत खलीफा भागातल्या आपल्या घरी आणलं. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी गंधारला बोलावून घेतलं.

गंधार आणि हर्षल दोह्यात एकाच कंपनीत कॉम्प्रेसर सांभाळायचे. ऑगस्टमध्ये कंपनीने दोघांना चार महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीतल्या लिंडेनाख नावाच्या छोट्या गावात पाठवलं होतं. तिथे रविवारी दुकानं बंद. करायला काही नसायचं, म्हणून दोघं चालायला लागले. गावाभोवती हिरव्या, उतरत्या टेकड्या होत्या, एकीमागे एक, आणि त्यांच्यावरून चालण्यासाठी आखलेल्या वाटा. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. सतरा नोव्हेंबरला अशाच एका वाटेवर हर्षल जुन्या दगडखाणीत पडला. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

गंधार गेला तेव्हा वसंतरावांनी जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला होता. हर्षलच्या बॅगेतून आलेला, घड्यांवर विरलेला.

"बस," ते म्हणाले. "माझा जन्म मोजणी खात्यात गेला. नकाशा मला वाचता येतो. पण या रेषांवरून चढ कळतो, उतार कळतो, तिथे काय होतं ते कळत नाही. दर शुक्रवारी ये. एकेक वाट सांग. तो जिथे जिथे चालला, ते मला बघायचंय."

नाही कसं म्हणणार? गंधार दर शुक्रवारी दुपारी जाऊ लागला. वसंतराव नकाशावरच्या लिंडेनाख रेल्वे स्टेशनवर बोट ठेवायचे आणि गंधार बोलू लागायचा. रस्त्याकडेची सफरचंदाची झाडं, खाली सडलेल्या फळांवर गांधीलमाश्या. मेंढ्यांचं कुरण, त्याचं लाकडी फाटक, जे उघडलं की मागे लावायचं. मग ओल्या पानांचं जंगल. वसंतरावांचं बोट त्याच्या शब्दांबरोबर सरकायचं, घाई न करता. बाहेर पांढऱ्या भिंतींवर ऊन पडलेलं असायचं.

तिसऱ्या शुक्रवारी गंधार एका चढाचं सांगत होता. वसंतराव मध्येच म्हणाले, "आणि वर गेल्यावर बाक आहे. त्याची एक फळी नवी आहे. बाकीच्या काळ्या पडल्यात."

गंधार थांबला. तसा बाक होता.

चहाचे कप ठेवायला तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा त्याने तेजश्रीला विचारलं, "ताई, हर्षल तिथले फोटो काकांना पाठवायचा का?"

"बाबांकडे साधा फोन आहे. महिन्यातून दोनदा बोलायचे, तेही तब्येतीचं." तिने नळ बंद केला. "तुला म्हणून सांगते. दुपारी बाबा खोलीचं दार लोटून घेतात आणि बोलत बसतात. मध्येमध्ये थांबतात, समोरचा बोलतोय तसे. मी एकदा आत डोकावले. दाराकडे बघून मान डोलावत होते. खोलीत कुणी नव्हतं."

पुढच्या शुक्रवारी जंगलाच्या कडेला शिकाऱ्यांचं एक लाकडी मचाण आलं. "इथे वर चढताना त्याच्या जॅकेटची बाही फाटली," वसंतराव म्हणाले. "मग त्याने काळ्या दोऱ्याने शिवली. टाके वाकडेच घातले."

ते फक्त हर्षलला आणि गंधारला माहीत होतं. गंधारने आपले हात टेबलाखाली घेतले. "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हर्षलने. दुपारी येतो ना." पेपर आला म्हणावं, तितक्या साधेपणाने ते म्हणाले. "बसत नाही मात्र. बुटांना चिखल असतो. तेजूची फरशी खराब होईल म्हणून दारातच उभा राहतो."

तिथून निघून आपण गाडीपाशी कसे आलो ते गंधारला कळलं नाही. त्याला बाकाची भीती वाटली नाही, मचाणाचीही नाही. नकाशावर वसंतरावांचं बोट कुठे चाललंय, ते त्याला दिसत होतं. एकच वाट उरली होती, आणि तिच्यावर एक फाटा होता.

पुढच्या शुक्रवारी त्याने कामाचं निमित्त सांगितलं. कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालजवळ एका साइटवर खरंच काम होतं. भर दुपारी तो एकटाच साइटच्या कुंपणाबाहेर चालत गेला. चहूकडे सपाट, उजाड जमीन, नजर पोचेल तिथवर एक उंचवटा नाही. पायाखाली खडी आणि वाळू करकरत होती. थोड्या वेळाने त्याला मागून दुसरी पावलं ऐकू आली. ती वाळूवरची नव्हती. ओल्या पानांवर पाय पडल्यावर येतो तसा मऊ, दबका आवाज होता, आणि एक पाय किंचित ओढल्यासारखा. तो थांबला की ती थांबत. त्याने वळून पाहिलं. त्याचीच सावली आणि रिकामी जमीन. साइटवर परत येईपर्यंत ती पावलं त्याच्या मागे होती, आणि त्याने पुन्हा वळून पाहिलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो न बोलावता गेला. नकाशा पसरलेलाच होता.

"आता ही," वसंतराव म्हणाले. त्यांचं बोट स्टेशनवरून निघालं, कुरण ओलांडलं, जंगलात शिरलं आणि वाट दुभंगत होती तिथे थांबलं. "इथे तो फोटो काढायला म्हणून डावीकडे गेला. तू पोलिसांना तसं सांगितलंस. मलाही."

"ते खोटं आहे, काका."

वसंतरावांनी बोट उचललं नाही.

"धुकं होतं," गंधार म्हणाला. "हर्षलचा गुडघा दुखत होता, तो सारखा मागे राहायचा. गावातून शहरात जाणारी पाच वाजताची बस चुकली असती. मी वैतागलो होतो. फाट्यावर मी त्याला म्हणालो, डावीकडची वाट सपाट आहे, जवळची आहे, तू तिकडून ये. मी टेकडीवरून जाऊन बस थांबवतो. मला माहीत नव्हतं ती कुठे जाते. मी नकाशा बघितलाच नव्हता. त्याने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. नंतर मी म्हणालो की त्यानेच ती वाट धरली. सगळ्यांना तेच सांगत आलो."

वसंतरावांचा चेहरा बदलला नाही, पण बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"हे त्याने सांगितलं नाही," ते म्हणाले. "तुझं नाव तो घेत नाही. रोज या फाट्यापर्यंत येतो आणि म्हणतो, बाबा, पुढचं दिसत नाही. मला वाटायचं, धुक्यामुळे." त्यांनी बोट डावीकडच्या रेषेवरून उचलून उजवीकडच्या रेषेवर ठेवलं. "तू इकडून गेलास?"

"हो."

"मग ही वाट सांग. एकही वळण गाळू नकोस. ही त्याला माहीत नाही."

गंधारची पाठ दाराकडे होती. त्याने सांगायला सुरुवात केली. चढ. मुळांनी झालेल्या पायऱ्या. वसंतराव नकाशाकडे बघत नव्हते. गंधारच्या खांद्यावरून त्यांची नजर दाराकडे लागली होती. खोलीत ओल्या पानांचा वास आला. गंधार न वळता बोलत राहिला. टेकडीचा माथा, तिथून दिसणारं चर्चचं टोक.

वसंतरावांनी हात वर केला. "हळू," ते म्हणाले. "त्याला गुडघ्यामुळे भरभर येता येत नाही."

गंधार थांबला. मागे कुणीतरी दम घेतंय, असं त्याला वाटलं. मग वसंतरावांनी मान हलवली आणि तो सावकाश पुढे सांगू लागला. उताराची गवताळ वाट. शेताच्या कडेचं काटेरी तारेचं कुंपण, ते उजव्या हाताला ठेवायचं. पहिली घरं. खिडक्यांत दिवे लागलेले. बेकरीचं बंद दुकान, त्याच्या शेजारची गल्ली, दोघं राहत होते त्या घराच्या सात पायऱ्या.

"किल्ली?" वसंतरावांनी विचारलं.

"कुंडीखाली."

"दार उघडलं?"

"उघडलं, काका."

वसंतराव दाराकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे खाली आले आणि ते हातांत तोंड झाकून रडू लागले. गंधारने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

निघताना वसंतराव म्हणाले, "तेजूला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे."

गंधारने त्याच संध्याकाळी तिला सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "दर आठवड्याला माझ्या घरी येऊन चहा प्यायलास." मग तिने दार उघडून धरलं. त्यानंतर तिने त्याचा एकही फोन घेतला नाही. लिंडेनाखच्या पोलिसांनाही गंधारने सगळं खरं लिहून कळवलं. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं: जबाब नोंदवला आहे, प्रकरण बंद झालेलं आहे.

वसंतराव मार्चमध्ये नाशिकला परतले. एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर गंधारने विचारलं, "काका, तो येतो का अजून?"

"नाही. त्या दिवसानंतर नाही." वसंतरावांनी घसा खाकरला. "बरंच झालं म्हणायचं. दुपार मात्र फार मोठी वाटते आता."

गंधार फोन कानाला लावून खिडकीपाशी गेला.

"जेवलास का?" वसंतरावांनी विचारलं.