वळणावरचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण शाळेच्या भिंतीवर खिळ्याला लोंबत असतो तसला नव्हे. माझ्या अंगावर दिवे आहेत. मी आपत्ती नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर उभा असतो. वादळ आले, पूर आला की सरकारी मदत कुठे पाठवायची हे या खोलीत ठरते, आणि ठरवणारी माणसे माझ्याकडे बघून ठरवतात. प्लायवुडच्या एका फळीला एवढा मान मिळतो म्हणून पूर्वी मी ऐटीत असायचो. आता ती ऐट उरलेली नाही. का, तेच सांगतो.

सुताराने मला चौकट ठोकली. पेंटरने माझ्यावर नदी रंगवली, तीही अशी निळीशार की खरी नदी बघून लाजली असती. ती बिचारी बारा महिने गढूळ. मग आला वायरमन. त्याने प्रत्येक वस्तीच्या नावाखाली हिरवा, पिवळा आणि लाल असे बारके दिवे बसवले. पाणी वाढल्याचा फोन आला की पिवळा लावायचा, मदत हवी असा फोन आला की लाल. आणि फोनच आला नाही तर, असे कोणीतरी विचारले. वायरमन पक्कड खिशात घालत म्हणाला, "मग हिरवा. मेन बटण दाबलं की सगळे हिरवे आपोआप लागतील. तुम्हाला काही करायलाच नको." ही सोय सगळ्यांना फार आवडली.

उद्घाटनाला सगळे हिरवे दिवे एकदम लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. फोन घेणारी ताई आपल्या धाकट्या बहिणीला मुद्दाम घेऊन आली होती. धाकटी लग्न होऊन नदीच्या वळणावरच्या वस्तीत नुकतीच राहायला गेली होती. तिने आपल्या वस्तीच्या दिव्यावर बोट ठेवून विचारले, "हा आमचा?" ताई म्हणाली, "हो, तुमचा. इथं बसून मला सगळं दिसणार." धाकटीला ते ऐकून केवढे बरे वाटले होते.

ताईला खोलीत सगळेच ताई म्हणत. तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे असलेले साहेबसुद्धा. साहेब म्हणजे बोटी आणि माणसे पाठवण्याचे हुकूम देणारे. तिसरे हवामानवाले काका. डोंगरावरची पाऊस मोजणारी यंत्रे बिनतारी लहरींवरून त्यांच्या टेबलावर आकडे पाठवत आणि काका ते मोठ्याने वाचून दाखवत. आणि चौथी, खोलीत नसून असलेली, धाकटी. तिला फोनचे भारी वेड. चहा झाला का, दाराला कुठला रंग लावू, शिंपीमामांनी बाह्या पुन्हा आखूड शिवल्या, काहीही कारण पुरे. फोन ती वस्तीतल्या शिंपीमामांच्या दुकानातूनच करी, त्यामुळे बाह्या आखूड नाहीत, हात लांब आहेत, अशी मामांची बाजूही मागून ऐकू येई. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या की ताई घाईघाईने म्हणायची, "बरं, ठेव आता. थोडक्यात बोलत जा ना गं."

पुढे खोलीत संगणकाचे मोठे पडदे आले आणि माझे दिवस फिरले. मला लोखंडी कपाटामागे ढकलले. माझ्या कोपऱ्यावर कोणीतरी ओला रेनकोट टांगायला लागले. नदीचा रंग तिथे फुगून सोलला तो सोललाच. मला वाईट वाटायचे, पण सांगणार कोणाला?

मग ते वादळ आले. काकांनी आधीच बजावले होते, त्यामुळे बोटी तयार होत्या, माणसे कामावर हजर होती. पण सकाळी वाऱ्याने इंटरनेटच्या तारा तोडल्या आणि ते दिमाखदार पडदे काळे ठिक्कर पडले. साहेबांना माझी आठवण झाली. मला ओढून बाहेर काढले, बाहीने पुसले आणि मेन बटण दाबले. इतक्या वर्षांनी माझे सगळे हिरवे दिवे लागले. खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ताईने आधी धाकटीला फोन केला. आज लोकांचे फोन येतील, तू लाइन अडवू नकोस, मीच करीन, असे सांगितले. धाकटी फुरंगटून बरं बाई म्हणाली. त्यानंतर फोनला उसंत नव्हती. खालच्या अंगाच्या वस्त्या पिवळ्या झाल्या, बघता बघता लाल झाल्या. साहेब लाल दिवे बघून एकेक बोट सोडत होते. वरच्या कचेरीतून विचारणा आली की सांगत होते, वळणावर काही नाही, हिरवे आहे. काकाही वाचून दाखवत होते, वळणावरच्या डोंगरात पाऊस शून्य. दर फोननंतर ताई त्या एका दिव्याकडे बघायची आणि मोकळा श्वास घेऊन पुढचा फोन उचलायची. मीही तो दिवा अगदी मन लावून तेवत ठेवला होता.

दुपारी जरा सवड मिळाली. काकांनी गार झालेला चहा तोंडाला लावला आणि सहज म्हणाले, "आज धाकटीचा फोन नाही?"

"मीच नको म्हणाले होते," ताई म्हणाली.

काका हसले. "आणि तिनं ऐकलं?"

ताईही हसणार होती. पण हसू अर्ध्यावरच राहिले. ती हळूच म्हणाली, "तिनं आजवर माझं कधी ऐकलंय?"

तिने फोन लावला. पलीकडून नुसती घरघर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकांनी चहा खाली ठेवून आपला कागद ओढला. शून्य, शून्य, शून्य. चहूकडे आभाळ फाटलेले आणि त्या एकाच डोंगरावर थेंब नाही? पाऊस नव्हता असे नाही, तो मोजणारे यंत्रच उरले नव्हते. आकडा आला नाही की कागदावर आपोआप शून्य छापले जाई.

साहेबांकडे एकच बोट शिल्लक होती आणि ती एका लाल दिव्याकडे निघाली होती. तिथले लोक फोनवर फोन करत होते. ताई म्हणाली, ती बोट वळणावर पाठवा. साहेब म्हणाले, "हिरव्या दिव्यावर बोट कशी पाठवू? उद्या लोक विचारतील, बहिणीसाठी पळवली का म्हणून."

"साहेब," ताई म्हणाली, "तो हिरवा मी लावलेला नाही. तुम्हीही नाही. तो आपोआप लागलाय."

मित्रांनो, खोलीतली सगळी माणसे माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे कधी कोणी तसे बघितले नव्हते. दिवसभर ज्याच्या भरवशावर हुकूम सुटले, त्या दिव्यामागे एकाही माणसाचा शब्द नव्हता. कोणी फोन केला नाही म्हणजे सगळे ठीक, असे आम्ही धरून चाललो होतो. फोन करायला तिकडे कोणी उरले आहे का, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. मला तर तो पडूच शकत नव्हता. मी तारांनी सांगितले ते लावत होतो.

साहेबांनी वायरलेस उचलला आणि बोट वळवली. त्या लाल दिव्याकडे परतीची पहिली बोट धाडायला सांगितले.

बोटीचा प्रमुख बोलला तेव्हा पावसाच्या आवाजातून त्याचा शब्द न् शब्द कळला. "वळणावर पोचलो. पूल नाहीये. वस्ती... वस्ती दिसत नाहीये. शाळेच्या गच्चीवर माणसं आहेत, पोरंबाळं आहेत, पाणी गच्चीला लागलंय." थोडा वेळ नुसती खरखर. मग त्याने विचारले, "इथं हिरवं आहे असं कोण म्हणालं?"

ताईने लाल बटण दाबले. माझा हिरवा विझला आणि लाल लागला, सकाळीच लागायला हवा होता तो. माझ्या सगळ्या तारा गार पडल्यासारख्या झाल्या.

गच्चीवरची सगळी माणसे वाचली. बोटीतून धाकटीचा आवाज आला तेव्हा ताईने वायरलेस दोन्ही हातांनी कानाशी धरला. काकांनी खुर्ची पुढे केली. धाकटी रडत नव्हती. ती म्हणाली, "ताई, शिंपीमामा गेले." मामा खाली शिडी धरून एकेकाला वर चढवत होते. शेवटी शिडीही गेली आणि मामाही. "ते सारखे विचारत होते, तुझ्या ताईला कळलं असेल ना? मी म्हटलं, तिच्या भिंतीवर आपला दिवा आहे. ती बघतेय."

ताई बघत होती, मित्रांनो. दिवसभर बघत होती. त्या वाक्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

पाणी ओसरल्यावर त्याच वायरमनला बोलावले. आता त्याला चष्मा लागला होता. सगळी हकिगत ऐकून त्याने खिशातून पक्कड काढली. मग त्याने माझी सगळी जोडणी उसवून नव्याने केली. आता मेन बटण दाबले तरी मी पूर्ण काळोखात असतो. पुन्हा सुरू झालेले पडदेही तसेच करून घेतले आहेत. ताई रोज सकाळी एकेका वस्तीला स्वतः फोन करते, तिथल्या माणसाचा आवाज कानाने ऐकते आणि मगच एक हिरवा लावते. जिथला दिवा लागला नाही, तिथले आम्हाला ठाऊक नाही. आणि जिथले ठाऊक नाही, तिथे आधी माणूस धाडायचा, असा आता साहेबांचा नियम आहे.

माझी धूळ पुसा, माझ्यावर ओले रेनकोट टांगू नका, हे तर आहेच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणी अचानक गप्प झाले, तर त्याचे बरे चालले आहे असे परस्पर धरून चालू नका. जवळ जा आणि विचारा.

वळणावर आता शाळेतल्या फोनवर धाकटी असते. पूर्वीसारखी ती बोलत नाही. ताईने विचारले की "आहोत" म्हणते, बस्स. ताईचे बोट माझ्या बटणावर असते, पण ती फोन ठेवत नाही.

"एवढंच?" ती म्हणते. "अजून बोल ना गं."

त्यामुळे माझा तो एक दिवा लागायला रोज उशीर होतो. साहेब घड्याळ बघत नाहीत, आणि मीही काळोखात थांबून असतो.