टाल्केच्या शेजारची जागा

जागा पाचवी

टाल्के. वय वर्षं चार. ऑक्टोबरात घटसर्पाने गेली. पेटी बापाने, फोल्कर्टने, गव्हाणीच्या फळ्या उचकटून ठोकली. आईने, गेस्केने, आत लोकरीचे मोजे ठेवले, कारण आयोवाच्या माळावर थंडी सुरू झाली होती.

जागा पहिली ते चौथी

एक जहाजातून उतरतानाच खोकत होता. दोन तान्ही. एक बाळंतीण.

त्या चौघांच्याही आधी नियम झाला होता. टाउनशिप नुकती कागदावर आली होती, चर्चला अजून छप्परही नव्हतं, आणि सगळे पुरुष ढेकळांच्या घरात दाटीने बसले होते. म्हातारा हार्म उठून म्हणाला, "तिकडे जर्मनीत जमीनदार चर्चच्या भिंतीला टेकून निजायचे आणि आपण खाली, पाण्यात. माझ्या बापाची पेटी तरंगली होती, पाहिलीय मी. इथे तसलं काही नको. जो आधी मरेल तो आधी. मग त्याच्या शेजारी पुढचा. कुणाची जागा राखायची नाही."

पहिला हात फोल्कर्टचा वर गेला. गेस्के कपात खडीसाखर टाकत होती. बायकांना हात वर करायचा हक्क नव्हता. पण तिलाही ते पटलं होतं. फार पटलं होतं.

जागा सहावी, रिकामी

हार्मचा अर्धा चेहरा, डावा, वणव्यात जळाला होता. सगळ्या वस्तीच्या गवताची गंजी त्यानेच वाचवली होती. गाल वितळून मानेत उतरला होता, आणि डोळ्याच्या जागी चामडी ओढलेली.

टाल्के त्याला पाहून पिठाच्या पिंपात लपायची. झोपेतही दचकायची. म्हणून म्हातारा त्यांच्या दारावरून जाताना टोपी डावीकडे ओढून घ्यायचा आणि लांबूनच हाक द्यायचा, "टाल्के, बघू नकोस हं! मी चाललोय. हा बघ, गेलोसुद्धा."

मार्चमध्ये त्याच्या छातीत पाणी झालं. गेस्के रोज चहा घेऊन जायची. वर साय घालून.

"रोज येतेस," तो म्हणाला. "माझी काळजी, की जागेची?"

तिने कप त्याच्या हातात दिला.

"अगं, बोल की. जळलंय ते तोंड. कान शाबूत आहेत."

"काका, ती घाबरेल हो."

म्हातारा बराच वेळ धापा टाकत राहिला. "उब्बेनांच्या म्हातारीला विचारून ये, आधी जातेस का म्हणून. ऐंशीची आहे. पण ती कसली जाते! काल अख्खं डुकराचं मुंडकं खाल्लं म्हणे."

गेस्केला हसू आलं आणि लगेच रडू.

"तुझ्या नवऱ्यालाही सांगून पाहिलं मी. मला कुंपणाबाहेर टाका म्हटलं. तर म्हणतो, बाहेर गळफास घेतलेल्यांना पुरतात, काका. आणि नियम तुमचाच." त्याने चहाचा कप परत केला. "चांगला नियम होता गं."

घरी फोल्कर्ट मापाची काठी तासत बसला होता. कबरी मोजायचं काम त्याच्याकडे होतं.

"एक जागा सोड," ती म्हणाली. "एकच."

"मग उद्या उब्बेन मागेल. परवा आणखी कुणी. शेवटी खाली पाण्यात कोण जाईल? आपणच ना?"

"तुझी पोर आहे ती."

"मला कळत नाही का ते?" तो ओरडला. आणि मग काठी तासतच राहिला, गरज नसताना.

जागा सहावी

हार्म गुरुवारी गेला.

मयताला आंघोळ घालायची ती सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याने, हा गावाकडून आलेला रिवाज. जवळचं घर गेस्केचं.

तिने त्याला पुसलं. कबरीत पाय उगवतीला, तोंड आभाळाकडे, आणि ओळ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारी. म्हणजे टाल्के येणार त्याच्या डाव्या हाताला. तिने पुन्हा एकदा हात हवेत फिरवून पाहिला. डावाच.

तिने त्याची टोपी घेतली आणि डावीकडे, गालाच्या खालपर्यंत ओढली. तो स्वतः ओढायचा तशी.

झाकण ठोकायला फोल्कर्ट आला. पेटीत पाहून थांबला. बायकोकडे पाहिलं नाही.

"देवापुढे टोपी घालून कुणी उभं राहतं का गं?" तो अगदी हळू म्हणाला. आणि टोपी काढून तिच्या हातात दिली.

त्याचं चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नव्हतं.

दोन कबरींमध्ये दोन फूट. काठीने मोजून. पाद्र्याची प्रार्थना चालू असताना सगळे सहाव्या जागेभोवती उभे होते. गेस्के पाचवीपाशी, एकटी, टोपी मुठीत धरून. ढेकळं पेटीवर पडू लागली तशी ती वाकली.

"टाल्के," ती म्हणाली, "बघू नकोस हं."