लोण्यातली कॅप्सूल

बाबांना औषध कसं द्यायचं हे तिला बटणमुळे सुचलं. बटण म्हणजे घरातला कुत्रा, मूठभर जीव आणि हातभर हट्ट. जंतांची गोळी पुढे केली की दातखीळ बसायची. तीच लोणी लावलेल्या पावात दडवली की गट्टम. मग हाडांसाठी आणलेली व्हिटॅमिन डीची पहिलीच कॅप्सूल बाबांनी थुंकून टाकली, तेव्हा ती वाद घालत बसली नाही. कुत्र्याला लागू पडतं ते म्हाताऱ्याला का नाही पडणार? दर रविवारी ती कॅप्सूल लोणी-पावात घालून त्यांच्या ताटात ठेवायची आणि मशीनकडे वळायची. लोकांचे पडदे शिवून घर चालवणाऱ्या बाईला कुणाच्या ताटाशी बसायची चैन परवडत नाही. ताट रिकामं दिसलं की झालं.

काही आठवड्यांनी बटणने नवीनच खूळ काढलं. दिवसभर पाणी प्यायचा आणि उभा असेल तिथे मुतायचा. एकदा तर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर. तिचं डोकंच फिरलं. तिने पाण्याची वाटी उचलून ओट्यावर ठेवली. आता बघते कसा मुततोस ते, म्हणाली. बटण ओट्याखाली मान वर करून बसून राहिला. त्याने खाणं सोडलं, ओकाऱ्या काढल्या आणि मग उठेनासाच झाला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे बाबाही हट्टाने आले. आयुष्यभर क्रेन चालवून गुडघ्यांचं वाटोळं झालेलं, तरी कुत्र्याला त्यांनीच उचलून आणलं. रक्त तपासल्यावर बाईंनी विचारलं, माणसांची काही औषधं पोटात गेलीत का, व्हिटॅमिन डी वगैरे? तिला रागच आला. औषधं वरच्या कपाटात असतात, तिथे याचा बापही पोचायचा नाही, असं तिने ठणकावून सांगितलं.

"मी देतो ना त्याला," बाबा म्हणाले. "ही मला लोण्यात लपवून देते, तीच. जिना चढताना कण्हतो बिचारा. पाकिटावर वाचलं, हाडांची आहे. म्हटलं, माझ्यापेक्षा याच्या हाडांना गरज आहे."

बाई रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं. आपल्याला एक कॅप्सूल म्हणजे काहीच नाही, पण एवढ्याशा जिवाला ते विष, असं त्यांनी समजावलं. गिळल्याचं कळताच पाकीट हातात घेऊन धावत यायचं, घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जायचं नाही. पहिल्या काही तासांत पोट रिकामं करता येतं. आता विषाने मूत्रपिंडंच धरली होती. सलाईन लावून बघू, म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, पाणी तरी पीत होता ना?

"पीत होता," ती म्हणाली. "मीच वाटी उचलून ठेवली."

बाई खाली मान घालून त्याच्या पायाची शीर शोधत राहिल्या.

बटण दवाखान्यातच गेला. घरी बाबांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी तिने कॅप्सूल उघड्या तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. ही हाडांची आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची, असं नीट सांगितलं. बाबांनी ती उचलली, तोंडात टाकली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. एवढंच.

"मग तेव्हा का थुंकून टाकलीत?" तिने विचारलं.

"तेव्हा तू काही न बोलता तोंडात कोंबलीस. मला वाटलं, झोपेची असेल. म्हाताऱ्या माणसाचा घरात त्रास नको म्हणून देतात ना, तसली. पाकीट नंतर बघितलं, तोवर तू लपवून द्यायला लागली होतीस." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सांगितलं असतंस तर घेतली असती की गं."