माझ्यावर कुणी बसत नाही

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल फळी आणि बसून बसून फळीच्या मध्ये पडलेला खळगा, एवढाच माझा ऐवज. पण मित्रांनो, मला बघायचे तर तिकीट लागते. हसू नका. आधी मलाही हसू आले होते.

माझा जन्म खोक्यातून झाला. ताई शिल्पकार होत्या. त्यांच्याकडे एक मोठा दगड लाकडी खोक्यात भरून आला आणि त्याच्या फळ्यांतून सुताराने मला ठोकून दिले. एक पाय किंचित आखूड झाला. ताई म्हणाल्या, "असू दे. बसणाऱ्याला डुलकी लागली की कळेल तरी."

बसायची ती ताईंची बहीण. तिला सगळे धाकटी म्हणत. ताई तिच्याकडे बघत माती थापत आणि धाकटी माझ्यावर चुळबुळत राही.

"हलू नकोस गं! आत्ता कुठे कान जागेवर आलाय."

"तुझा कान आला, माझी कंबर गेली. आणि हे नाक माझं आहे होय? हे तर आत्याचं!"

"आत्याचंच आहे. तिनं तुला दिलं, त्याला मी काय करू?"

मग दोघी पोट धरून हसत, मातीवर ओले फडके पडे आणि चहा होई. बागेतल्या कितीतरी मूर्तींना धाकटीचे खांदे आहेत. कौतुक त्या मूर्तींचे झाले. मला त्याचे वाईट वाटले नाही. अंगावर कुणी बसलेले असले की वाईट वाटायला सवड नसते.

पुढे धाकटी नोकरीसाठी लांब गेली. ताई थकल्या. एकदा घराला रंग द्यायचा म्हणून सगळे सामान बागेत काढले. कुठली वस्तू परत कुठे जायची, ते ताईंनी ब्रशने वस्तूच्या पोटाखाली लिहून ठेवले. कुठे 'माळा', कुठे 'स्वयंपाकघर'. माझ्या पोटाखाली लिहिले 'बैठक'. म्हणजे बैठकीच्या खोलीत. बाकीचे सामान आत गेले. माझी पाळी यायच्या आतच ताई गेल्या.

घराचे संग्रहालय झाले. मी बागेतच, मूर्तींच्या मध्ये उभी होते. पाहणीला आलेल्या जाणकारांनी मला उलटे केले आणि पोटाखालचा शब्द वाचला. मग त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "बैठक! माणूस उठून गेलाय, नुसती बैठक उरलीय. काय शिल्प आहे!"

अगदीच चुकले होते असेही म्हणवत नाही.

तेव्हापासून मी चौथऱ्यावर आहे. भोवती दोरी, पुढे 'बैठक. हात लावू नये' अशी पाटी. मला वेळच्या वेळी तेल मिळते, डोक्यावर छप्पर आहे. लोक माना तिरक्या करून बघतात. बसत मात्र कुणी नाही. पाखरू टेकले तरी रखवालदार हुसकावतो.

परवा धाकटी आली. काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत. माझी पाटी वाचली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अरे, ही आमची तिवई! बैठकीच्या खोलीतली, म्हणून बैठक."

रखवालदार कावराबावरा झाला. "आजी, हळू बोला. कालच एक बाई हिच्यापुढे रडल्या."

"रडू दे बापडीला. मी नाही सांगत कुणाला. पण जरा टेकू का रे? गुडघे कुरकुरायला लागलेत."

माझे तिन्ही पाय ताठ झाले. ये, म्हटले, ये लवकर.

त्याने इकडेतिकडे पाहिले. "नोकरी जाईल हो माझी." आणि धावत जाऊन आपल्या चौकीतली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

धाकटी त्या खुर्चीवर बसली, दोरीच्या पलीकडे, माझ्यासमोर. मित्रांनो, इतकी वर्षे तिचे वजन मला पाठ होते, पण तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. ऊन उतरेपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती उठली, रखवालदाराला म्हणाली, "खुर्ची छान आहे हो," आणि मागे न बघता गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पुसा, तेल द्या, उन्हातून सावलीत न्या. इथे आलात तर दोरीच्या आत येऊ नका, रखवालदाराला लेकरेबाळे आहेत. पण तुमच्या घरी एखादे जुने स्टूल नाहीतर खुर्ची कोपऱ्यात अवघडून उभी असेल. तिच्यावर बसा. जपून नको, चांगले वजन टाकून बसा.