आवाजाआधीचे गुण

गाणे संपायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आतच त्याला गुण मिळाले आहेत, हे तिच्या ध्यानात आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

चष्म्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. काचा घासणारी यंत्रे थांबली की त्या खोलीत एक विचित्र शांतता साचत असे. पाणी गळत राहावे आणि नळ मात्र बंद असावा, तशी. डबा उघडण्याआधी तिने फोन उघडला. सकाळी कामावर येता येता तिने ‘कानसेन’ या फोनवरच्या मंडळावर गाणे पाठवले होते. साडेसहा मिनिटांचे. त्याखाली पहिला शेरा एका मिनिटाच्या आत उमटला होता: ‘छान वाद्यसंगीत. पण गाणं कुठाय? चार.’ दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ: ‘शब्द असते तर मजा आली असती. पाच.’ मग कुणी ‘झोप लागली, तीन’ असे लिहून पुढे गेले होते, आणि ‘रातराणी’ नावाच्या बाईने नुसताच एक जांभई देणारा चेहरा डकवून साडेतीनवर बोळवण केली होती.

गाण्यात शब्द होते. आवाजही होता. फक्त त्याआधी दोन-अडीच मिनिटे एकटे व्हायोलिन वाजत होते, आणि तेवढा उंबरठा ओलांडायची कुणाची तयारी नव्हती.

तो आवाज तिच्या दादाचा होता.

दादा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्याचे काम करी. हातोडी थांबली की त्याचे गाणे सुरू होई आणि गाणे थांबले की हातोडी. घरातल्या माणसांना या दोहोंतला कुठला आवाज कामाचा, हे कधी नीट कळलेच नाही. कौतुक भरपूर झाले. पण घरच्यांचे कौतुक म्हणजे घरचेच अंथरूण, पाय कितीही पसरले तरी पुरते. मग गळ्याचे दुखणे आले, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी आजारासोबत स्वरयंत्रही काढून घेतले. आता दादा फोनवर अक्षरे टिपत असे आणि फोन ती वाचून दाखवत असे, एका बाईच्या सपाट, स्वच्छ आवाजात. गळ्याच्या छिद्रावर बोट दाबून त्याला पुटपुटता येई, पण ते त्याला आवडत नसे. गाणे उरले होते ते एवढेच, व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्राच्या खोलीत कधीतरी सहज नोंदवलेले.

गेल्या आठवड्यात फोनमधली ती बाई म्हणाली होती, “आईला विचारलं तर ती रडते. तुला विचारलं तर तू भांडतेस. मला गाता येत होतं का नव्हतं, ते एकदा परक्या माणसानं सांगावं.”

परकी माणसे तिच्याजवळ होती. ‘कानसेन’वर ती कितीतरी वर्षांपासून होती. प्रत्येक फेरीत एकेकाने आपले लाडके गाणे पाठवायचे, कुणाचे ते चालकाखेरीज कुणाला कळू द्यायचे नाही, बाकीच्यांनी ते ऐकून दहापैकी गुण द्यायचे आणि एक ओळ लिहायची. ना ओळख, ना भीड. दादाला हवा होता तो तराजू नेमका हाच, असे तिला वाटले होते.

तिने डबा तसाच मिटला आणि या मंडळाचा कारभार पाहणाऱ्या ‘सूत्रधारा’ला फोन लावला.

“अहो, ही माणसं न ऐकता गुण देतायत!”

“ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. खेळ आहे हा.”

“खेळ आहे तर मैदानात उतरा ना! हे बाहेरूनच धावा मोजतायत.”

“लोकांना नोकऱ्या आहेत, मुलंबाळं आहेत. एवढी सगळी गाणी अथपासून इतिपर्यंत कोण ऐकणार? शितावरून भाताची परीक्षा होतेच की.”

“अहो, पण शीत तरी तोंडात घाला! यांनी नुसतं झाकण बघितलंय. त्या गाण्यात माणूस गातो. अर्ध्याहून जास्त गाणं तो गातो! आणि हे विचारतात, गाणं कुठाय?”

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“तुम्ही ऐकलंत?” तिने विचारले.

“मी सूत्रधार आहे, ताई. मला सगळ्यांचं बघावं लागतं.”

“बघू नका हो, ऐका!”

“मी सात दिलेत तुम्हाला,” तो दुखावल्या स्वरात म्हणाला. “सगळ्यांत जास्त.”

“कशाबद्दल?”

“…वातावरण छान होतं.”

“वातावरणाला सात! उद्या कपाटाला सहा द्याल.”

“हे बघा,” आता त्याचाही तोल सुटला, “गुण दिले नाहीत तर त्यांचं स्वतःचं गाणं बाद होतं. मग माणूस देतो काहीतरी आणि सुटतो. आणि हा नियम कुणी आणला? तुम्हीच ना? ‘फुकट्यांना चाप लावा’ म्हणून?”

आणला होता. लोक आपले गाणे टाकून पसार होतात, दुसऱ्याचे ऐकत नाहीत, म्हणून तिनेच हट्टाने तो मंजूर करून घेतला होता. तिला वाटले होते, सक्ती केली की कान उघडतील. उघडली होती ती फक्त तोंडे. पण आपल्याच हाताने लावलेल्या दाराच्या फटीत आपलेच बोट चेमटले, म्हणून काही वेदना खोटी ठरत नाही.

“नियम ऐकण्यासाठी होता,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारभर तिने काचा घासल्या. एकेका काचेची कड बोटाच्या शेवटच्या पेराने चाचपून पाहावी लागते. कुठे खरखर उरली, कुठे जास्त झिजली, ते डोळ्यांना दिसत नाही. न चाचपता शिक्का मारला असता तर मालकाने तिला उभी केली असती. आणि ही सगळी माणसे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्याची जीभ आता टाळ्याला लागूनही काही निपजत नाही, अशा माणसाला यांनी जांभई दिली होती. दादाला काय सांगायचे? आठ मिळाले म्हणून सांगावे? परक्याचा निवाडा म्हणून पुन्हा घरचेच अंथरूण त्याच्यापुढे पसरावे? या विचाराने तर ती आणखीच पेटली. त्या लोकांनी तिच्यावर खोटे बोलायची पाळी आणली होती.

घरी पोचली तेव्हा दादा एका उघड्या खुर्चीवर वाकून पट्ट्या ताणत होता. बाजूला फोन. तिचा चेहरा पाहून त्याने फोन उचलला, टिपले आणि तिच्याकडे रोखला.

“वाद्यसंगीत म्हणून बरा आहे मी,” फोनमधली बाई म्हणाली.

त्याने ‘कानसेन’ उघडून सगळे वाचले होते. दादाचे खांदे हलत होते. तो हसत होता, त्याच्या त्या नव्या, निःशब्द हसण्याने.

“हसतोस काय? एकेकाच्या कानात तुझा हा खिळा ठोकायला हवा.”

“कापड वाया जाईल.”

“दादा, चेष्टा पुरे! मी त्या सूत्रधाराला असा झाडलाय! अजून पत्र लिहिणार आहे. तुझ्यासाठी नाही, आता माझ्यासाठी.”

त्याने हात वर केला. फोनवर बोट सरकवत शेऱ्यांच्या अगदी तळाशी गेला आणि फोन तिच्या हातात दिला. ती वाटेत असताना तिथे एक नवा शेरा आला होता. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव ठेवले होते ‘पायपुसणं’.

‘आवाज मोकळा आहे, झाकपाक नाही. पण तिसऱ्या कडव्यात वरचा सूर समोर दिसताच गायक बिचकतो. श्वास आधीच घेऊन ठेवतो आणि मग शब्द अर्ध्यात सोडून देतो. असं दोनदा झालंय. शेवटची ओळ मात्र समोर कुणी नसल्यासारखी गायलीय. तिथे मी हातातलं काम खाली ठेवलं. सहा.’

तिने ते वाचले आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“सहा? हातातलं काम खाली ठेवतो आणि सहा? आणि बिचकतो म्हणजे काय? हा कोण लागून गेला?”

दादाने उत्तर टिपले नाही. त्याने फोन परत घेऊन गाणे लावले, व्हायोलिनचा भाग पुढे सरकवून थेट तिसऱ्या कडव्याशी आणले. त्या बुटक्या खोलीत, उघड्या स्प्रिंगांमधून, त्याचा जुना आवाज आला आणि वरच्या सुराखाली क्षणभर घुटमळला. नदीकाठी पोहोचूनही पाण्यात पाय न घालणाऱ्या गुरासारखा. दादाने गाणे थांबवले.

“बिचकलो होतो,” बाईने वाचले. “आजवर कुणाला कळलं नव्हतं.”

“मला कळलं होतं,” ती पटकन म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. “मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या गाण्यात मी चुका काढू?”

“म्हणून तर तुला विचारलं नाही.”

तो सपाट आवाज असले बोलायला फार वाईट होता. त्याच्यात ना राग ना माया, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन्ही स्वतःच भरावे लागत. तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन थरथरला. सूत्रधाराचा निरोप होता: ‘ताई, तुमचं म्हणणं पटलं. मीही आत्ता पूर्ण ऐकलं. शरम वाटली. या गाण्याचे आत्तापर्यंतचे सगळे गुण आणि शेरे पुसून टाकतो आणि सर्वांना पुन्हा ऐकायला लावतो. तुम्ही हो म्हणा, की लगेच करतो.’

“बघ!” ती ओरडली. “आली की नाही अक्कल ठिकाणावर! सगळं पुसणार. ती जांभई, ते वातावरण, सगळं साफ.”

तिचे बोट ‘हो’वर गेले, आणि दादाने तिचे मनगट धरले. घट्ट, पट्टा ताणताना धरतो तसे. त्याचा फोन खुर्चीच्या पलीकडे राहिला होता. दुसऱ्या हाताचे बोट त्याने गळ्यावर दाबले. ओठ हलले आणि वाळूवरून पान घसटत जावे तसा आवाज आला.

“सहा… राहू दे.”

“अरे, पुन्हा ऐकतील तेव्हा जास्त मिळतील!”

त्याने मान हलवली. मनगट सोडले नाही.

तिला फार राग आला. त्या माणसांचा, त्यांना असे सुटू देणाऱ्या दादाचा, न मागता न्याय करून जाणाऱ्या त्या पायपुसण्याचा. रडू येईल की काय असे वाटण्याइतका. मग तिने लिहिले, ‘नको. जसं आहे तसंच ठेवा,’ आणि बोट असे आपटले, की काच तडकावी.

‘मन मोठं आहे तुमचं, ताई,’ सूत्रधाराने तत्काळ कळवले आणि खाली एक हसरा चेहरा जोडला.

“मन मोठं म्हणे! याला मी सोडणार नाही. दादा, ऐकतोयस ना? एकेकाला नावानिशी विचारणार आहे मी, की—”

पण दादाने पुन्हा तिसरे कडवे लावले होते. तो कान देऊन आपल्या बिचकण्याची नेमकी जागा शोधत होता, आणि तिच्याकडे न पाहताच त्याने तिला गप्प बसायची खूण केली.