मनातलं लिहा म्हटलं तर

"पत्रं बारा आहेत, मान्य. पण आम्ही धरणार एकच," खिडकीपलीकडची कारकून बाई म्हणाली आणि तिनं गठ्ठा परत सरकवला.

प्रयोगबाईंना वाटलं, ही थट्टा करतेय. शाळेत त्यांना सगळे प्रयोगबाईच म्हणत. विज्ञान शिकवायच्या, आणि फळ्यापेक्षा परीक्षानळीवर जीव जास्त. "एकच? अहो, बारा शिक्षकांच्या बारा सह्या आहेत त्यावर!"

"सह्या बारा, पण मजकूर एकच. हे बघा, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. स्वतःच्या शब्दांत लिहा असं सूचनेत ठळक छापलंय. पाठिंब्याची दहा वेगवेगळी पत्रं असतील तरच शाळेतल्या एकाला विधेयकाच्या समितीपुढे बोलायला मिळतं. आज शेवटचा दिवस. साडेपाचला खिडकी बंद."

घ्या! शाळांमधली घोकंपट्टी बंद करणारं नवं विधेयक, त्याला पाठिंबा देणारी बारा पत्रं, आणि बाराच्या बारा एकमेकांची नक्कल! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कुणावर? काल मधल्या सुट्टीत "असं काहीतरी लिहा" म्हणून शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर चार ओळी त्यांनीच लिहिल्या होत्या. फळ्यावर दिसलं की उतरवून घ्यायचं, ही सवय मुलांना लावता लावता शिक्षकांच्याच हाडात मुरलेली. सगळे उतरवून मोकळे झाले, आणि बाईंनीही न वाचता गठ्ठा बांधला.

समितीपुढे बोलायचं मात्र त्यांना होतंच. पाच मिनिटं पुरली असती. तीन वर्षांपूर्वी शालान्त परीक्षेचे पेपर तपासताना 'लोखंड गंजू नये म्हणून काय कराल?' या प्रश्नाला एका मुलीनं लिहिलं होतं, की मी सायकलच्या साखळीला तेल लावते, म्हणजे हवा आणि पाणी आतपर्यंत पोचत नाही. उत्तर लख्ख बरोबर. पण नमुना उत्तरातले ठरलेले शब्द त्यात नव्हते. शब्द नाहीत तर गुण नाहीत, मुख्य परीक्षक म्हणाले, आणि बाईंनी मूग गिळून लाल पेनानं शून्य ठेवलं. बेरीजही त्यांनीच केली. पोरगी दोन गुणांनी नापास. पेपरवर नाव नसतं, मग माफी तरी कुणाकडे मागायची? विधेयकामुळे नमुना उत्तराची सक्ती जाणार होती. त्या मुलीची गोष्ट समितीला सांगायची, एवढं एकच बाईंनी मनाशी धरलं होतं. वर्षअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. मग त्यांना कोण विचारतंय!

साडेतीनला त्या धापा टाकत शाळेत पोचल्या. आधी फळा पुसला, मग कोरे कागद वाटले. "प्रत्येकानं वेगळं लिहा. मनातलं लिहा."

"किती ओळींत?" गणिताच्या मॅडमनी विचारलं.

"कितीही!"

"दोन-तीन मुद्दे द्या ना बाई, बाकीचं वाढवतो आम्ही," वहीसर म्हणाले. हे इतिहासाचे. एकोणीस वर्षं एकाच वहीतून धडे उतरवून देत आले, म्हणून हे नाव.

"मनातलं लिहायला मुद्दे लागतात?"

"चिडू नका हो. पण चुकलं म्हणजे?"

"मनातलं चुकतं कसं, सर?"

कुणी पेन चावत होतं, कुणी शेजारच्याच्या कागदाकडे डोकावत होतं. बाई रांगांमधून फिरल्या आणि दोघांना तर चक्क लांब बसवलं. वैताग वैताग झाला जीवाचा! साडेचारला कागद गोळा करून त्या कोपऱ्यात वाचायला बसल्या.

सात जणांनी पाठिंबा दिला होता. कुणी तीन ओळी, कुणी पानभर, पण आपापलं. उरलेल्या पाचांनी मात्र आपापलंच लिहून घात केला. गणिताच्या मॅडमचं होतं, 'घोकंपट्टी जाऊन प्रकल्प आले, तर दीडशे मुलांचे मी तपासायचे कधी? घरी दोन लहान मुलं आहेत. मला हे विधेयक नको.' वहीसरांनी लिहिलं होतं, 'वही काढून घेतली तर वर्गात काय बोलायचं ते मला माहीत नाही. मला भीती वाटते.'

"सर, काल तर पाठिंब्यावर सही केलीत!" बाई कडाडल्या.

"काल तुम्ही लिहिलं होतं, बाई. आज मी लिहिलंय."

इतक्या वर्षांत या माणसानं वहीबाहेरचं एक खरं वाक्य लिहिलं होतं, आणि त्यांना त्याचा संताप येत होता. संतापाची लाजही वाटत होती. पण घड्याळात पावणेपाच झाले होते आणि तीन पत्रं कमी पडत होती.

वहीसर माणूस भला. बाईंचा चेहरा बघून म्हणाले, "तुमचं काम अडायला नको. तुम्ही सांगा, आम्ही लिहितो." मॅडमनीही मान हलवली. पाचही जणांनी पेनं उघडली.

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घ्या कागद. मॅडम, तुम्ही लिहा, 'मी स्वतः दोन मुलांची आई आहे, स्वल्पविराम...' सर, तुम्ही भीतीपासूनच सुरुवात करा, म्हणजे खरं वाटेल. 'आधी मला भीती वाटली होती, स्वल्पविराम, पण विधेयक वाचल्यावर ती गेली, पूर्णविराम.'"

आता कुणी काही विचारलं नाही. पाचही पेनं सरसर चालली.

पाच वाजून वीस मिनिटांनी त्या खिडकीपाशी पोचल्या. कारकून बाईनं एकेक पत्र वाचून बाराही धरली. वहीसरांचं पत्र तर तिनं दोनदा वाचलं. "वा! भीती वाटत होती म्हणे, तरी पाठिंबा! मनापासून लिहिलेलं लगेच कळतं हो. नाहीतर दुपारचे ते कागद." तिनं शिक्का मारला आणि चिठ्ठी पुढे केली. गुरुवारी अकरा वाजता, पाच मिनिटं. "मी पेपर तपासत असते ना बाई, तर या सरांना पैकीच्या पैकी दिले असते."

प्रयोगबाईंनी चिठ्ठी घेतली. घडी घालून पर्समध्ये टाकताना त्यांना लाल पेनातलं ते शून्य आठवलं.