पाठमोरी

आमच्या घरात बाहेर जाणाऱ्याने पाठ दाखवायची नाही, अशी रीत होती. ती कुणी घालून दिलेली नव्हती, आपोआप पडली. लेक लहान असताना तिचे बाबा कामावर निघाले, की ती खिडकीतून हसत हात हलवायची. पण त्यांनी वळून पहिलं पाऊल टाकलं रे टाकलं, की भोकाड पसरायची. तोंड दिसतंय तोवर माणूस आपला, पाठ दिसली की गेला, असा काहीतरी तिचा हिशेब असावा. म्हणून मग ते उलटे चालायला लागले.

ते बसचे ड्रायव्हर होते. खाली रस्त्यावर येऊन आमच्या खिडकीकडे तोंड करायचे आणि हात हलवत मागे मागे जायचे, पार लांबच्या वळणापर्यंत. मी वरून ओरडायची, "अहो, पडाल!" तर खालून उत्तर यायचं, "डेपोत अख्खी बस मागे घेतो मी. हे एवढंसं अंग घेता येणार नाही होय?" एकदा विजेच्या खांबावर आपटले. खांबाची माफी मागितली आणि तसेच पुढे, म्हणजे मागे, निघून गेले.

खिडकी अजून तीच आहे. खाली तळं, तळ्याला वळसा घालणारा रस्ता. डावीकडे तो लांबवर सरळ दिसतो आणि पिवळ्या भिंतीच्या घरापाशी वळून नाहीसा होतो. उजवीकडे मात्र आमच्या इमारतीला लागूनच वळतो, त्यामुळे तिकडचं काहीच दिसत नाही. पहाटे तळ्यावरून धुकं उठतं आणि रस्ता अर्धा पाण्यात, अर्धा हवेत असल्यासारखा वाटतो. ते त्या धुक्यात जायचे तेव्हा आधी पाय विरायचे, मग खाकी सदरा, आणि सगळ्यात शेवटी तोंड. हलणारा हात तर मला कितीदा तरी ते गेल्यानंतरही दिसत राहायचा.

ते कायमचे गेले त्यानंतर काही महिन्यांनी लेक पुन्हा पळायला लागली; त्यांच्या आजारपणात ते सुटलं होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं तिचं काम, दिवसभर यंत्रापाशी उभं राहायचं. मी म्हटलं, "अगं, पायांना जरा विसावा दे, तर तू त्यांना आणखी पळवतेस!"

"पाय नाही गं दमत, डोकं दमतं," ती म्हणाली. "पळताना तेवढं ते गप्प बसतं."

लहानपणी ती एका जागी ठरायची नाही म्हणून तिचे बाबा तिला भिंगरी म्हणत. भिंगरी पुन्हा फिरायला लागली, असं मी मनात म्हटलं आणि खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. रोज पहाटे ती तळ्याला फेऱ्या घालायची. पिवळ्या घरापाशी आधी एक ठिपका दिसायचा, मग त्याला हातपाय फुटायचे, मग चेहरा. खिडकीखाली आली की हात वर करायची. मी करायची. ती इमारतीमागे दिसेनाशी व्हायची आणि मी पुन्हा त्या वळणाकडे डोळे लावायची. चहा कपात तसाच गार होऊन जायचा. ज्या रस्त्यानं एकजण रोज विरत गेला, त्याच रस्त्यानं दुसरी रोज उमटत यायची. म्हाताऱ्या बाईला सकाळी सकाळी आणखी काय हवं?

तिला मॅरेथॉन पळायची होती. अर्धी नव्हे, पुरी. पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा बाबांचं आजारपण निघालं, राहून गेलं. दुसऱ्यांदा मी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. तेव्हा ती मला उचलून बसवायची, निजवायची, आणि तिचे पळायचे बूट पलंगाखाली धूळ खात पडलेले मला दिसायचे. या खेपेला ती म्हणाली, "आई, आता नाही झालं तर मी नाव काढणार नाही. तीनदा हसं करून घ्यायचं नाही."

आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली असताना ती जिना चढून आली ती कठड्याला धरून.

डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत होतं. सुरी फिरवल्यासारखं, म्हणाली. मी तेल गरम करायला उठले तर म्हणे, "आई, तेलानं भजी होतील, गुडघा नाही व्हायचा."

फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक तरतरीत मुलगी होती, हात मात्र बर्फासारखे. तिनं गुडघा वाकवला, दाबला, लेकीला एका पायावर उभं केलं, जुने बूट उलटे करून तळ पाहिले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

"ताई, तुम्ही पळता कुठे?"

"घराजवळ. तळ्याभोवती."

"रस्ता कसा आहे? सपाट?"

"तळ्याकडे उतरता. पाणी साचू नये म्हणून."

"आणि रोज एकाच बाजूनं फेरी घालता?"

"हो."

"मग तुमचा डावा पाय रोज खालच्या अंगाला पडतो. घासून घासून सुजलाय तो. दिशा बदलायची ना अधूनमधून! का नाही बदलली?"

"सवय," लेक म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती. ते मी पाहिलं, पण अर्थ काही लागला नाही.

रस्त्यावर पळणं बंद झालं. त्याऐवजी पाण्यात पळायचं, असं ठरलं. मला वाटलं ती फिजिओ थट्टा करतेय. पण खरंच तसं असतं. कमरेला पट्टा बांधतात, त्यानं माणूस तरंगतं, आणि खोल पाण्यात पाय तळाला न टेकवता पळण्यासारखे हलवत राहायचे. गुडघ्याला दणका बसत नाही, दम मात्र टिकून राहतो.

तरणतलावावर मी सोबत जायची. वर काचेचं छत, त्यातून येणारं दुधाळ ऊन, औषधाचा वास मारणारं निळं पाणी, आणि मधोमध माझी लेक खांद्यापर्यंत बुडून पळत असलेली. कुठेच न जाता. स्वप्नात नाही का आपण जिवाच्या आकांतानं धावतो आणि जागचे हलत नाही, अगदी तसं. पण स्वप्नात भीती असते, इथे नव्हती. फरशीवरून पाण्याचे कवडसे वर जायचे, छतावर थरथरायचे, पुन्हा तिच्या कपाळावर उतरायचे. ऊब होती, मला पेंग यायची. मध्येच डोळे उघडले की वाटायचं, ती पाच वर्षांची आहे आणि टबात बसून पाय आपटतेय. मग वाटायचं, नाही, ती पोटात आहे, आणि ही तीच लाथांची उसळी. किती काळ ओळखते मी या पायांना!

तिथला शिट्टीवाला पहारेकरी माझ्याशेजारी येऊन उभा राहायचा. "आजी, तुमची मुलगी तासभर पळतेय हो, पण अजून पोचली नाही कुठे."

"तुमची शिट्टी तरी कुठे पोचली? तुम्हीही तिथेच," मी म्हणायची. तो खूश व्हायचा.

पळताना तिचा चेहरा मला असा पोटभर कधी पाहायला मिळाला नव्हता. खिडकीतून तो येतोय येतोय म्हणता निघून जायचा. इथे तो समोरच होता. भुवया आक्रसलेल्या, ओठ आत घेतलेले. तेव्हा दिसलं की ती घाबरलेली आहे. गुडघ्याला नाही, राहून जाण्याला.

शर्यत आठवड्यावर आली. गुडघा शांत झाला होता. फिजिओनं पुन्हा तपासलं आणि म्हणाली, "उद्या एक फेरी मारून बघा. सावकाश. आणि उलट्या बाजूनं, बरं का! दुखलं नाही तर पळा शर्यत. दुखलं तर मी हो म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी अंधार सरायच्या आत खुर्चीवर. उलट्या बाजूनं म्हणजे ती इमारतीमागून निघणार आणि त्या लांब सरळ रस्त्यानं दूर जाणार. मी खाली वाकून वाट पाहत होते. कुणीच येईना. मग सहज मान वर केली, तर पिवळ्या घरापाशी ठिपका. त्याला हातपाय फुटले. चेहरा आला. ती समोरूनच येत होती, नेहमीसारखी, आणि मधल्या झाडापाशी तिचं पाऊल वाकडं पडलं. एक हात गुडघ्यावर गेला. दुसरा तिनं वर केला, मला दाखवायला.

वर आली तेव्हा मी फ्रीजमधली मटारांची पिशवी काढूनच ठेवली होती. तिनं ती गुडघ्यावर धरली.

"तुला उलट्या बाजूनं जायला सांगितलं होतं ना?"

"विसरले."

"काचेवरचा केसाएवढा ओरखडा तुझ्या नजरेतून सुटत नाही आणि तू दिशा विसरलीस? कुणाला सांगतेस?"

ती मटार कुस्करत बसली. मग म्हणाली, "तिकडून गेले असते तर तुला काय दिसलं असतं?"

"काय दिसलं असतं?"

"माझी पाठ. त्या अख्ख्या रस्त्याला, पार वळणापर्यंत. म्हटलं, तू एकटी वर बसलेली, आणि मी..." तिनं वाक्य सोडून दिलं. "जाऊ दे ना आई. राहिलं या वर्षीही. काही अडत नाही माझं."

म्हणजे इतका काळ ही पोरगी माझ्यासाठी त्या उतरत्या कडेनं पळत होती. मी म्हणत होते मी तिला सोबत देतेय, आणि ती म्हणत होती ती मला देतेय. दोघींच्या मायेत गुडघा मात्र चेंगरला.

मला आधी हसू आलं आणि मग राग आला.

"अगं बाई, तुझी पाठ काय मला परकी आहे? जन्मल्यापासून चोळून चोळून मीच धुतली ती. डाव्या खांद्याखाली तीळ आहे, तो तू स्वतः तरी पाहिलायस का? पाठ बघून रडायचीस ती तू. मी नव्हे. मला का तुझ्या रांगेत बसवतेस?"

"तुला चालेल?"

"चालेल म्हणजे? तू पळ की! चालायचं माझ्यावर सोड."

ती हसली, आणि पिशवी फुटून मटार घरभर झाले.

दोन दिवस मटार सापडत राहिले आणि गुडघ्याला आराम मिळाला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा उतरली. खिडकीखाली आली, वर पाहिलं. मी हातानं खूण केली, जा. ती वळली.

तिची पाठ मी धुतली होती खरी, पण अशी कधी पाहिली नव्हती. खांदे जरासे पुढे आलेले, मान डावीकडे किंचित कललेली, कोपर अंगाला घट्ट. पाठीलाही स्वतःचं एक तोंड असतं, असं वाटलं. ती निघाली आणि धुकं तिला हळूहळू घेऊ लागलं. तेव्हा मला जाणवलं की त्यांची पाठ मला आठवतच नाहीये. इतकी वर्षं संसार केला, आणि ते जाताना कसे दिसत, हे मला ठाऊक नाही. त्यांनी दिसूच दिलं नाही. दवाखान्यात शेवटच्या वेळी आत नेताना ट्रॉलीवाल्याला म्हणाले होते, "बाबा रे, जरा फिरवून घे. मला तिच्याकडे तोंड करून जाऊ दे." तो म्हणाला, असं नेत नाहीत. तर हे म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे, माझ्यावर सोड." आणि त्या बिचाऱ्यानं खरंच ट्रॉली फिरवली.

आता लांबवर जाणारी ती मान, ते खांदे पाहताना मनात आलं, असेच असतील. खात्री करून द्यायला कुणी नव्हतं. पिवळ्या घरापाशी ती वळली आणि मी चहाचा घोट घेतला. गरम होता.

फेरी पुरी करून ती वर आली ती कठड्याला हात न लावता.

शर्यतीच्या दिवशी तिनं मला घडीची खुर्ची घेऊन दोरीपाशी बसवलं. माणसांचा समुद्र होता. कर्ण्यावरून कुणीतरी आकडे सांगत होतं. निघायची वेळ झाली आणि बघते तर काय, माझ्याकडे तोंड करून, हात हलवत, ती त्या गर्दीत मागे मागे सरकायला लागली! एकाच्या पायावर पाय दिला, दुसऱ्याला कोपर लागलं. मी बोट हवेत गोल फिरवलं. वळ. ती हसली आणि वळली. मग सगळ्याच पाठी होत्या, रंगीबेरंगी, हलत्या, आणि त्यात एक डावीकडे कललेली मान. ती विरली तरी मी पाहत होते.

जिथे शर्यत संपते तिथे मात्र सगळे तोंडानंच येतात. मी खुर्ची तिकडे नेली. ऊन चढलं, पेंग आली, लोक येत राहिले, टाळ्या होत राहिल्या. निळं पाणी डोळ्यांसमोर हलत होतं आणि त्यात कुणीतरी जागच्या जागी पळत होतं. डोळे उघडले तर रस्त्याच्या टोकाला एक ठिपका होता. त्याला हातपाय फुटले. ती पळत होती की चालत होती, मला सांगता येणार नाही. पण येत होती.

रेघ ओलांडून ती थेट माझ्यापाशी आली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. घामानं ओलीचिंब, गळ्यात पदक.

"गुडघा?" मी विचारलं.

"गुडघ्याचं सोड गं," ती धापा टाकत म्हणाली आणि बसल्या जागी वळली. "पाठ भरून आलीय. जरा चोळ."